दुभाष्याची वही

खानापूरच्या कोर्टाबाहेर चिंचेखाली माझं टेबल,
एका पायानं लंगडं,
त्या पायाखाली जुन्या स्टँपपेपरची घडी.
लाल कापडी पुठ्ठ्याची वही आहे एक,
डावीकडं कानडी शब्द, उजवीकडं मराठी,
मधल्या शिलाईत मी.

नवे वकील येतात, काळा कोट हातावर टाकून, घाईत.
‘काका, स्थगितीला काय म्हणायचं?’
तडेयाज्ञे.
‘आणि तडजोडीला?’
राजी.
‘राजी म्हणजे तयार ना?’
तयार झाल्याशिवाय तडजोड होते व्हय? लिहा.

पुष्कळ शब्दांना तर प्रतिशब्द लागतच नाही.
वकील तो वकीलच, जामीन तो जामीनच,
शेवटी एक उकार तेवढा जास्तीचा.
आरोपी दोन्हीकडं आरोपी,
दोन्हीकडं चपला दाराबाहेर काढून उभा.
कुठल्या दरबारातून, कुणाच्या घोड्यावर बसून आले हे शब्द,
धड त्यांचे नाहीत, धड आपले नाहीत,
म्हणून भांडायला बरे पडतात.

धास्ती वाटते ती सारख्या तोंडवळ्याच्या शब्दांची.
वायदा म्हणजे आपल्यात दिलेला शब्द.
तिकडं वायिदे म्हणजे मुदत, पुढची तारीख.
जांबोटीची द्रौपदा गुरव चार वर्षं ऐकत होती
शिपाई वायिदे वायिदे ओरडतो,
तिला वाटायचं कोर्ट दर महिन्याला वचन देतंय.
मी काही बोललो नाही.
एसटीला पैसे घालून येत होती बिचारी,
कशाच्या तरी जोरावर.

गडी म्हणजे तिकडं सीमा, हद्द, शीव.
आपल्याकडं खेळात आपल्या बाजूनं घेतलेला पोरगा.
या ओळीसमोर कुणीतरी पेन्सिलीनं उद्गारचिन्ह काढलंय.
अक्षर माझं नाही.

आणि हे पान.
इथं शाई फुटलीय, बघा.

अनुमान.
त्यांच्यात संशय. आपल्यात अंदाज.
भरमाणी पाखरेची केस, सागवान चोरीची.
फॉरेस्टच्या वॉचरनं जबानीत सांगितलं,
माझं अनुमान याच्यावरच आहे.
मी मराठी नक्कल करत होतो, दुपारी, जेवण लांबलेलं,
शब्द ओळखीचा दिसला,
तसाच उचलून ठेवला उजवीकडं.
भरमाणीनं बोट ठेवून ठेवून वाचलं आणि हसला.
‘अंदाजच हाय की नुसता.
अंदाजावर कोण आत घालतंय?’
त्या रात्री तो नंदगडात लग्नाला होता, वाढपी.
शंभर माणसांनी त्याच्या हातची भाजी खाल्ली होती.
त्यातला एक साक्षीला आणला असता तर.
नाही आणला.

सहा महिने.

निकालाला कानडीत तीर्पु म्हणतात.
हा शब्द मी उजवीकडं लिहिलेला नाही,
त्या दिवसापासून ती ओळ रिकामी.

परवा आला भरमाणी. केस पिकलेत.
पोरीला उत्पन्नाचा दाखला पाहिजे, अर्ज लिहून द्या म्हणाला.
त्याला ठाऊक नाही.
त्याला वाटतं, नशीब.
बाकावर बसून पानाला चुना लावत
पोरीच्या नर्सिंगच्या कॉलेजचं सांगत राहिला, बेळगावात, हॉस्टेल महाग.
मी लिहीत होतो,
आणि मनात वही चाळत होतो, म पर्यंत.
माफी.
तिकडं काय? माफीच.
इकडं माफी, तिकडं माफी,
उलथा करायचं काही कामच नाही,
नुसता उचलून द्यायचा,
आणि तोच जिभेवर येईना.

अर्ज झाला. त्यानं दोनदा वाचून घेतला माझ्याकडून,
मग शर्टाच्या आतल्या खिशातून
पन्नासची नोट काढली.

सुट्टे नाहीत, म्हणालो मी.
असू दे.

ड्रॉवर भरलं होतं सुट्ट्या पैशानं.
पाय लागून टेबल हललं
तेव्हा ते वाजलंसुद्धा.